नव्या चामड्याचा आवाज

सरकारने गाव रिकामं करायला सांगितलं, तेव्हा रिफतने दोघींनाही होकार दिला होता. अंथरुणावरच्या आईला म्हणाला, चुलीचा दगड नव्या घरी नेईन. बायकोला म्हणाला, तिथला खडासुद्धा आणणार नाही. दोन बायकांमध्ये सापडलेला पुरुष दुसरं काय करणार? पुढे आई वारली आणि प्रश्न मिटला, असं तो धरून चालला.

तुर्कस्तानातलं ते गाव मऊ, पांढुरक्या दगडात कोरलेलं. त्या दगडाची धूळ छातीत जायची आणि ऐन उमेदीतला माणूस एका बाजूला वाकत वाकत संपायचा. म्हातारपण तिथे फारसं कुणी वापरलंच नाही. दोंदूआत्या तेवढी सत्तरी ओलांडून खुटखुटीत होती, आणि त्याबद्दल गावाने तिला कधी माफ केलं नाही.

घराच्या दारावर फळ्या ठोकायला रिफत गावात उतरला तेव्हा बर्फ पडत होतं. पायात नवेकोरे बूट होते. आत्या अंगणात शेण्या गोळा करत होती.

"दगड न्यायला आलास?"

"नाही आत्या. नाझमिये नको म्हणते. घरात तान्ही पोर आहे."

"बायकोला घाबरणं तुमच्या घराण्यातच आहे. तुझा बापही असाच."

"तू का येत नाहीस वर, नव्या वस्तीत? नळाला गरम पाणी आहे."

"इथला दगड मला ओळखतो, म्हणून सोडून देतो. तुमच्या सिमेंटचा काय भरवसा?" शेण्या उचलून ती वळली. "जा, भेटून ये. ती वाट बघतेय."

"कोण?"

आत्याने दार लावून घेतलं होतं.

घर उन्हाळ्यापासून बंद होतं, तरी आत ऊब होती. पांढऱ्या मातीने नुकत्याच सारवलेल्या भिंतीचा ओला वास येत होता. आई दर वसंतात याच मातीने सारवायची.

कुर्र...

जरा थांबून पुन्हा, कुर्र... नवं चामडं वाकावं तसं. रिफतने बुटांकडे पाहिलं. तो जागचा हललाही नव्हता.

आवाज ओळखीचा होता. शहरातल्या डॉक्टरांनी एकदा आईच्या छातीला लावलेली नळी त्याच्या कानात घातली होती. "फुप्फुसाला दुहेरी आवरण असतं, कोटाला अस्तर असतं तसं. दोन्ही पदर एकमेकांवरून मुकाट सरकायला हवेत. हिचे घासताहेत." काही दिवसांनी आवाज बंद झाला. आईने आनंदाने गल्लीभर खीर वाटली. डॉक्टरांनी मात्र सुई मागवली. दोन पदरांच्या मध्ये पाणी भरलं होतं, आता ते एकमेकांना टेकतच नव्हते. मग सुई खुपसून पेंढ्याच्या रंगाचं पाणी काढलं, बाटल्या भरभरून. शेवटी आवरण अक्रोडाच्या कवचासारखं घट्ट झालं आणि आत श्वासाला जागाच उरली नाही.

रिफतने स्वतःचा श्वास रोखला. आवाज चालूच राहिला. चुलीमागच्या भिंतीतून येत होता.

"आई...?"

आवाज थांबला. भिंतीतून एक पिवळसर ओघळ सुटला आणि सावकाश चुलीच्या दगडावर उतरला.

दगडाला बोटही न लावता तो बाहेर धावला. फळ्या कशा ठोकल्या, हे त्याला नंतर आठवेना.

नव्या घरी पोचला तेव्हा अंधारून आलं होतं. नाझमिये स्वयंपाकघरातूनच ओरडली, "बूट नि कोट बाहेर ठेव! काही आणलं नाहीस ना?"

"नाही गं. शपथ!"

लग्नानंतर इतकं निखळ खरं तो तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होता. बूट, मोजे, कोट सगळं त्याने बाहेर बर्फात टाकलं आणि अनवाणी आत येऊन पाळण्याशी बसला. पोर शांत झोपली होती. जुन्या गावाचा वारासुद्धा तिला कधी लागला नव्हता.

"रिफत, बूट बाहेर काढ म्हटलं ना? करकर इथवर ऐकू येतेय! पोर उठेल."

त्याने आपल्या उघड्या पावलांकडे पाहिलं.

कुर्र...

तो पाळण्यावर वाकला. इवलीशी छाती वर आली, खाली गेली. कुर्र... पुन्हा वर आली. कुर्र...

मग छाती तशीच हलत राहिली, आवाज तेवढा थांबला.

"हं," आतून नाझमिये समाधानाने म्हणाली, "काढलेस एकदाचे!"