फुटलेलं मत

"आपल्याच घरातलं मत फुटलं," नगरसेवकपदाच्या निवडणुकीचा निकाल ऐकून आलेले अप्पा म्हणाले आणि समोरचं ताट त्यांनी बाजूला सरकवलं.

सासूबाईंच्या हातातला डाव हवेतच थांबला. अप्पांची नजर मात्र सुनेवर खिळली होती. तिचे वडील समोरच्या पक्षाचे जुने कार्यकर्ते, मग संशयाला दुसरीकडे जायची गरजच काय! सुनेने पाहिलं, सासूबाईंचे ओठ थरथरताहेत... आता त्या बोलणार, आणि इतक्या वर्षांचा संसार या जेवणाच्या टेबलावर उधळला जाणार...

"हो," ती पटकन म्हणाली. "मी नाही दिलं तुम्हाला मत, अप्पा."

खरं तर तिने अप्पांनाच मत दिलं होतं. लग्नानंतर तिची चष्म्याच्या दुकानातली नोकरी चालू राहावी म्हणून सगळ्या घराशी भांडले होते ते अप्पाच. आयुष्यभर पोस्टात काम केलेला, भागातला प्रत्येक दरवाजा ओळखणारा हा माणूस निवडून यावा, असं तिला अंतःकरणापासून वाटत होतं. पण मतदान करून परतताना सासूबाईंनी कोपऱ्यावर तिचा दंड घट्ट धरला होता. "मी बटण दुसऱ्याचं दाबलं गं," त्या कुजबुजल्या होत्या. "परवा सभेत छातीला हात लावून खाली बसले ते. निवडून आले तर पाच वर्षं हेच... मला भीती वाटते." एका मताने असं काय बिघडतंय, असं त्या वेळी दोघींनाही वाटलं होतं.

आणि अप्पा नेमके एका मताने हरले! शंभर मतांनी हरलेला माणूस चार शिव्या हासडून शांत झोपतो. एका मताने हरलेल्याला मात्र समोर येईल त्या प्रत्येक चेहऱ्यात ते मत दिसत राहतं.

अप्पांनी खोलीचे पडदे ओढून घेतले. दाढी वाढली. दिवसभर टीव्हीवरच्या चर्चा बघत ते त्या माणसांशी एकटेच भांडायचे आणि थकले की भिंतीकडे तोंड करून पडायचे. "घर फिरलं की घराचे वासेही फिरतात," एवढं एकच वाक्य ते सुनेला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत. तिने नेलेला चहा गार होऊन परत येई. नवराही "निदान मला तरी सांगायचंस" असं पुटपुटून कूस बदले. दुकानात गिऱ्हाइकाला तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावताना तिचेच डोळे भरून येत... पण सासूबाईंनी स्वयंपाकघरात "आज सांगून टाकू का गं?" असं विचारलं, की तीच त्यांना थांबवी. "आत्ता नाही झेपायचं त्यांना, आई. जरा सावरू दे."

शेवटी डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी नीट तपासलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "हृदय ठणठणीत आहे हो. मन खचलंय. तो टीव्ही आधी बंद करा आणि त्यांना माणसांत न्या." टीव्ही बंद करण्याचं पापही अर्थात सुनेच्याच माथी आलं.

अशातच तिच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. पिशवी भरून ती अप्पांच्या दारात उभी राहिली. "बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. जाऊन येऊ?"

"जिंकलेल्यांच्या घरी जायला हरलेल्याची परवानगी कशाला?" भिंतीकडे तोंड करूनच अप्पा म्हणाले. "जा. आणि परत यायची घाई करू नकोस."

पिशवी उचलून ती वळली... आणि मागे उभ्या असलेल्या सासूबाईंनी तिचा हात धरला.

"ती कुठेही जाणार नाही. जायचंच असेल तर मी जाते," त्या म्हणाल्या. आता त्या थांबणार नव्हत्या. "ते मत माझं होतं. तुम्ही सभेत छाती धरून बसलात ना, तेव्हाच ठरवलं मी. बसा, फिरा, भांडा, काय हवं ते करा, पण मला जिवंत हवे आहात. या पोरीने तुम्हालाच मत दिलं आणि माझा दोष स्वतःवर घेतला."

अप्पा उठून बसले. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग सुनेकडे. "का गं?" त्यांनी विचारलं.

"माझ्यावर रागावलात तर मला माहेर आहे, अप्पा," ती डोळे पुसत म्हणाली. "आईंवर रागावला असतात, तर त्यांनी कुठे जायचं होतं?"

निकाल लागल्यापासून दगडासारखा बसलेला तो माणूस ओंजळीत तोंड घालून रडला. दोघी त्याच्या दोन बाजूंना बसून राहिल्या. सासूबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्यांनी तो झटकला नाही.

"ऑपरेशन कधी आहे?" अप्पांनी विचारलं.

"उद्या सकाळी."

"मीही येतो. दाढी तेवढी करू दे." ते उठले आणि दारापाशी थबकले. "आधी तुझ्या बाबांना फोन लाव. त्यांचा माणूस निवडून आला, आणि मी अजून साधं अभिनंदनसुद्धा केलेलं नाही."

तिने नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडून आवाज आला, तसा अप्पांनी घसा साफ केला.

"व्याही, मी बोलतोय. हरलेला," ते म्हणाले, आणि सासूबाईंना रडता रडताच हसू फुटलं.