बाकावरचा पाहुणा

सराव संपून सगळा संघ बसकडे गेला होता. पाऊस भुरभुरत होता... आणि तरी एक उंचच उंच माणूस गोलसमोरच्या हिरवळीवर धडाधड अंग टाकत होता. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. दर उडीबरोबर गवताचा तुकडा उखडत होता आणि काठावर उभ्या असलेल्या तिचा जीव वरखाली होत होता.

गवत तिचं होतं. म्हणजे मैदान नगरपालिकेचं. पण पेरणं, कापणं, पाणी देणं, उन्हात जपणं – सगळं तिचं.

तिने दोनदा हाक मारली. इथल्या भाषेत, अगदी सभ्यपणे. त्याने हसून हात हलवला आणि पुन्हा उडी घेतली.

"ठोंब्या कुठला!" ती घरच्या भाषेत पुटपुटली. "बैल मोकळा सोडला असता तर त्याने तरी बघून पाय टाकला असता."

तो पडल्या जागीच थांबला. मान वर करून म्हणाला, "बैल ठीक आहे हो... पण ठोंब्या जरा जास्त झालं, नाही?"

त्याच भाषेत! तिच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या.

ती जेमतेम चालायला लागली होती तेव्हा तिचे बाबा समुद्रापलीकडून या देशात आले आणि शिंपीकाम करू लागले. या खंडाच्या फुटबॉल स्पर्धेत यंदा एक जागा रिकामी राहिली, म्हणून आयोजकांनी दुसऱ्या खंडातला एक संघ पाहुणा म्हणून बोलावला. आणि तो नेमका बाबांच्या मायदेशाचा निघाला. बाबांना दोन बोटं स्वर्ग उरला होता. इथले पेपर मात्र लिहीत होते – पाहुणे येतील, फोटो काढतील, हरतील आणि जातील.

"तुम्ही संघात नक्की कोण?" तिने विचारलं.

"राखीव गोलकीपर. गेली कित्येक वर्षं देशासाठी बाकावर बसतोय." तो चिखल झटकत उठला. "बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही."

ती हसली नाही. ओठ दाबून तिने वाळू-बियाण्याची बादली त्याच्यापुढे सरकवली. "उखडलंत तुम्ही. भरायचंही तुम्हीच."

आणि तो गुडघ्यावर बसून खरंच भरू लागला.

दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर तो आपणहून बादली मागायला आला. तिसऱ्या दिवशी तिने ती आधीच भरून ठेवली होती... आणि केसही जरा नीट बांधले होते, पण ते वाऱ्यामुळे, असं तिने स्वतःला सांगितलं.

"खेळवत नाहीत, तर रोज एवढं अंग कशाला झोडपून घेता?" तिने एकदा विचारलं.

तो वाळू थापटत राहिला. "समजा, बोलावलं... आणि मी तयार नसलो तर? तेवढी एकच भीती वाटते मला." मग हसून म्हणाला, "आई टीव्हीसमोर बसते. कॅमेरा बाकावरून फिरला की शेजारच्या काकूंना ओरडून बोलावते – या या, आला, आला!"

तीही हसली, बाबांच्या चौकातल्या शिंपीदुकानाचे किस्से सांगत बसली. पण त्याची पाठ वळल्यावर त्याच्या सोललेल्या कोपरांकडे ती बराच वेळ बघत राहिली.

पहिला सामना बरोबरीत सुटला. दुसऱ्यात मुख्य गोलकीपरच्या हातातून साधासा चेंडू निसटला आणि पाहुणे हरले. आता उरला यजमानांशी सामना. यजमान पुढच्या फेरीत पोचलेच होते. पाहुण्यांना मात्र जिंकायलाच हवं होतं.

आदल्या दुपारी ती गोलमागे वाकून जाळीच्या खुंट्या ठोकत होती. प्रशिक्षक आणि तो बोलत आले. तिला ती भाषा येते हे प्रशिक्षकांना ठाऊक नव्हतं.

"उद्या तू उभा राहा," प्रशिक्षक म्हणाले.

तिच्या हातातली हातोडी हवेतच थांबली. अगं बाई... खरंच?

"साहेब, एक चेंडू निसटला म्हणून काय झालं? त्यालाच उभं करा," तो म्हणाला.

"शुद्धीवर आहेस ना? किती वाट बघितलीस या दिवसाची!"

"म्हणूनच सांगतो. बाकावर बसून कसं राहायचं ते मला येतं. त्याला उद्या बसवलंत तर तो मनाने कायमचा बसेल. आणि खरं सांगू? तो माझ्याहून चांगला आहे. रोज शेजारी उभा राहून बघतो मी."

प्रशिक्षक त्याच्या खांद्यावर थोपटून निघून गेले.

ती ताडकन उठली. "सगळं ऐकलं मी! वेड लागलंय का तुम्हाला? आईंना काय सांगणार?"

"कॅमेऱ्याकडे बघून हात हलवीन."

"हसू नका!" तिचा आवाज चिरकला.

"तुम्ही... रडताय?"

"माती गेली डोळ्यात."

डोळे पुसायला त्याने हातमोजा पुढे केला, तो चिखलाने बरबटलेला आहे हे पाहून चटकन मागे घेतला आणि नुसताच उभा राहिला – लांबलचक, ओशाळलेला. असा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता. छातीत काहीतरी हललं आणि पुन्हा जागेवर बसलं नाही.

सामना तिने मैदानाच्या तोंडाशी उभं राहून पाहिला. मुख्य गोलकीपर भिंतीसारखा उभा राहिला. शेवटी-शेवटी पाहुण्यांनी गोल केला, शिट्टी वाजली, आणि तो गोलकीपर कुणाकडेही न बघता थेट बाकाकडे धावला. राखीव गड्याला त्याने मिठीत घेऊन उचललं. का, ते प्रेक्षकांना कळलं नाही; पण यजमानांचे प्रेक्षकही टाळ्या वाजवायला लागले.

ती तर हात लाल होईपर्यंत वाजवत होती.

"तू कुणाच्या बाजूची गं?" शेजारच्या सहकारी बाईंनी डोळे वटारले.

"गवताच्या," ती म्हणाली.

पुढचा सामना दुसऱ्या शहरात होता. सकाळी बस निघण्याआधी तो कुंपणापाशी आला.

"हरलो असतो तर विमान मिळेपर्यंत इथेच राहिलो असतो," तो म्हणाला.

"मग जिंकलात कशाला?"

"माझा काय दोष? मी खेळलोच नाही."

दोघं हसले... आणि हसू मध्येच विरलं. त्याच्या ओठांवर काहीतरी येऊन थांबलं. तिच्याही. तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला.

त्या शहरात पाहुणे हरले. बाबांनी टीव्ही बंद केला तो सुतक असल्यासारखा. दुसऱ्या दिवशी तिने अर्धं मैदान वाकडं कापलं, आणि दुपारी बाबांचा डबा घेऊन दुकानात गेली तेव्हा पाण्याची बाटली घरीच राहिली होती.

ती पडद्यामागे डबा उघडत होती. दाराशी कुणीतरी वाकून आत आलं.

"अरे!" बाबांच्या हातातली टेप खाली पडली. "तुम्ही... राखीव गोलकीपर! संघ तर सकाळीच गेला ना?"

"संघ गेला. मी तिकीट पुढे ढकललं."

"बसा, बसा! सूट शिवायचाय? एक पैसा घेणार नाही!"

"सूट नको... म्हणजे, लागेलही. तुमची मुलगी काय म्हणते त्यावर आहे."

ती पडदा सारून बाहेर आली.

"मी काय म्हणायचं? मला कुणी काही विचारलंय का?"

त्याने घसा साफ केला. "वाट बघायची मला सवय आहे. पण या वेळी बसवेना... रस्ताभर तुमचाच आवाज कानात होता. मला तुम्ही फार आवडता."

तिने खाली बघितलं. वर बघितलं. "आणि इथे राहून करशील काय?"

ते 'करशील' तिच्या तोंडून कसं निसटलं तिलाच कळलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर मात्र दिवा लागला.

"इथल्या एका क्लबला गोलकीपर घडवणारा माणूस हवाय. म्हटलं, एका व्यक्तीला विचारून सांगतो."

"मग सांगून टाक ना... हो म्हणून."

"क्लबला?"

"क्लबलाही."

तेवढ्यात त्याच्या खांद्यावर टेप येऊन पडली.

"बाबा! अहो, काय करताय?"

"तू बोल त्याच्याशी," स्टुलावर चढत बाबा म्हणाले. "माझं माप चाललंय. हात जरा वर करा हो, जावईबापू."