सूरजच्या माशांचा खून

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आकांक्षा जालन्यात ज्योत्स्नाताईंच्या ऑफिसात आली, टेबलावर भावाचा मोबाइल ठेवला आणि म्हणाली, "ताई, माझ्या भावाचे मासे कुणीतरी मारले."

ज्योत्स्नाताई खासगी तपासाची कामं घ्यायच्या. बहुतेक लग्नाआधीच्या चौकश्या. त्यांचा मावसभाऊ राजानंद गाडी चालवायचा. गडी भला, पण डोकं निवांत. त्यानं मोबाइल उलटासुलटा करून विचारलं, मासे कुठंयत?

मासे गेममध्ये होते. तिचा भाऊ सूरज अपघातात गेला, त्याआधी त्यानं भांडकुदळ माशांच्या जोड्या लावून, सगळ्यांत मारकं पिल्लू निवडून, पुन्हा जोडी लावून एक वाण तयार केला होता. पोट भरलेलं असेपर्यंत हे मासे गप्प. भूक लागली की शेजारच्याला फाडणार. म्हणून प्रत्येकाला वेगळी टाकी, आणि स्क्रीनवर एका वेळी एकच टाकी दिसायची. भावामागं आकांक्षानं हा वाण जपला. त्याच्या हातचं तेवढंच उरलं होतं. काल कुणीतरी सगळे मासे एका टाकीत सोडले. संध्याकाळी पाहते तर एकही जिवंत नाही.

तिचा संशय कल्याणवर. सूरजचा जिवलग दोस्त, वडीगोद्रीला हायवेवर मोबाइलचं दुकान. तोही हाच गेम खेळायचा, कित्येकदा जोडी मागायचा, आणि काल पुरणपोळी खायला घरी आला होता. त्याला गावात तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही, असं ती म्हणाली.

ज्योत्स्नाताईंनी टाकी नीट पाहिली. वर पानाफुलांचं तोरण, मेलेल्या माशांच्या अंगावर नवे रंग, तळाशी उरलेला भारीतला खाऊ. आधी सोडलेला मासा डावीकडे दिसतो, असं आकांक्षानं सांगितलं. डावीकडे सर्वांत म्हातारा, दुबळा मासा होता.

मग वडीगोद्री. कल्याणनं काही लपवलं नाही. "मारून मला काय भेटलं, ताई? मला तर ते जिवंत पाहिजे होते."

आकांक्षाचं घरही गावातच. तिची आई पुष्पाबाई काल दिवसभर चुलीपाशी होती. मोबाइल ओसरीत चार्जिंगला. सूरजनं त्याला कधी लॉकच लावलं नव्हतं.

वडील रामकिसनअण्णा गोठ्यापाशी बसले होते. ट्रॅक्टर आल्यापासून गोठा रिकामाच. मोबाइल पाहिला होता का, असं ताईंनी विचारलं.

"पाह्यला की दुपारी. समदे एका ओळीत उभे व्हते. लय बेस दिसून राह्यले व्हते."

ताई उठल्या आणि आकांक्षाला घेऊन थेट कल्याणच्या दुकानात आल्या.

"मारणाऱ्यानं आधी पोटभर खाऊ घातलं, रंगवलं, तोरण बांधलं. वैरी एवढं कशाला करेल? आणि पहिला मासा म्हातारा. गेम खेळणारा ताकद बघतो. वयाला मान कोण देतं?"

राजानंद सावकाश म्हणाला, "पोळ्यात मानाचा बैल पुढं असतो, ताई."

"बरोबर. आणि स्क्रीनवर एका वेळी एकच टाकी दिसते. मग सगळे एका ओळीत उभे कुणाला दिसले? एकत्र सोडले त्यालाच."

आकांक्षानं ताईंकडे पाहिलं. "अण्णांना?"

"दावणीला बैल नाहीत. पोळ्याला सजवायला लेकाची जनावरं एवढीच होती. ती एकमेकांना खातात, हे त्यांना तुम्ही कुणी सांगितलं होतं का?"

कुणीच सांगितलं नव्हतं. आकांक्षा रडायला लागली, आणि तेवढ्यात दारात रामकिसन उभे राहिले.

"सापडला का कोण ते?"

ज्योत्स्नाताईंकडे उत्तर तयार होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या हुशारीचा राग आला.

कल्याण काउंटरमागून बाहेर आला. "काका, मी मारले."

म्हातारा उंबऱ्यावरूनच मागं सरला. "मी त्याह्यला सजवलं व्हतं रं. तुला सूरजच्या जागी धरलं व्हतं म्या. आता माझ्या दारात येऊ नगं."

आकांक्षानं तोंड उघडलं. कल्याणनं मान हलवून नको म्हटलं, आणि ती गप्प राहिली.