नवव्या आठवड्याचं रीडिंग

सकाळी सव्वादहाला ग्रंथालयातला फोन वाजला. संचालकांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता, म्हणजे मामला गंभीर होता.

"बाई, वर या. येताना तेलवाल्या मॅडमची मोजणीची फाइल आणा. आणि सध्या कुणाला काही बोलू नका."

ग्रंथपाल बाईंनी कपाटातून फाइल काढली. अन्न संशोधन संस्थेत त्यांना एकोणतीस वर्षं झाली होती. कोणत्या शास्त्रज्ञाचे किती लेख छापून आले आणि जगात कुणीकुणी त्यांचा संदर्भ दिला, हे मोजणं त्यांचं काम. बाई जिना चढतानाही पायऱ्या मोजतात, असं लोक चेष्टेने म्हणत. ते खरंच होतं. संचालकांच्या खोलीपर्यंत बेचाळीस पायऱ्या होत्या. आपली मोजणी आजवर एकानेही चुकलेली नाही, असं बाई मानत आणि संधी मिळाली की सांगतही.

वर साखरवाले सर आधीच येऊन बसले होते. त्यांचा सगळा अभ्यास साखरेवर, पण तिचा एक कण कधी जिभेवर आला नाही. तेलवाल्या मॅडम तेल साठवणीत खवट का होतं ते शोधत. विभागप्रमुखाच्या एकाच जागेसाठी दोघांचे अर्ज होते.

जागेची अट कडक होती. उमेदवाराचे किमान वीस लेख असे हवेत, की बाहेरच्या लोकांनी त्यातल्या प्रत्येकाचा वीस वेळा तरी संदर्भ दिलेला आहे. लेख छापून येताना संदर्भ देणारा त्याच प्रयोगशाळेत काम करत असेल, तर तो संदर्भ धरायचा नाही. घरच्यांनी केलेलं कौतुक कोण धरतं? आठ महिन्यांपूर्वी बाईंनी मॅडमची पहिली मोजणी केली, तेव्हा एकोणीस लेख पास झाले होते. विसाव्या लेखाचे एकोणीसच संदर्भ भरले. फक्त एकाने अडलं होतं, आणि वयाच्या अटीमुळे मॅडमची ही शेवटची संधी होती.

गेल्या महिन्यात तो एक संदर्भ आला. एका लहानशा नियतकालिकात दोन पानी टिपण छापून आलं होतं.

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली म्हणायची," साखरवाले सर म्हणाले. "मी या लेखकाला पत्र टाकलं. ते परत आलं. त्या पत्त्यावर असली प्रयोगशाळाच नाही. या नावाचा माणूसही नाही."

"एवढ्यावरून स्वर्ग गाठू नका," बाई म्हणाल्या.

"मग वाक्यं वाचा. तेल कसं ठेवलं, कसं तपासलं, सगळी वाक्यं मॅडमच्या जुन्या लेखांतली आहेत. शब्द न् शब्द."

संचालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, तीन वाजता निवड समिती बसतेय. त्याआधी मला कळायला हवं, हे कुणी लिहिलं. मॅडमनी लिहिलं असेल तर जागा जाईलच, पण बावीस वर्षांची अब्रूही जाईल."

बाईंना मॅडम आवडत. मोजणाऱ्याला कुणी आवडू नये हे त्यांना कळत होतं, पण आवडत.

खाली येऊन त्यांनी टिपण तीनदा वाचलं. सूर्यफुलाचं तेल उघड्या बाटलीत ठेवून बारा आठवडे, दर सोमवारी, त्याचा खवटपणा मोजला होता. मोजताना किती मिलिलिटर द्रावण लागलं, ते तक्त्यात जसंच्या तसं दिलं होतं, तारखांसकट. बाईंना दोन गोष्टी खटकल्या. नवव्या आठवड्यापुढे नुसती आडवी रेघ होती आणि खाली लिहिलं होतं, 'या आठवड्यात रीडिंग घेता आले नाही.' दुसरं म्हणजे, उरलेल्या अकराही आकड्यांच्या शेवटी एकतर शून्य होतं, नाहीतर पाच. तीन नाही, सात नाही.

त्यांनी दोन्ही गोष्टी चिठ्ठीवर उतरवल्या आणि प्रयोगशाळेत गेल्या.

प्रयोगशाळेला जुन्या तेलाचा वास कायमचा चिकटला होता. मॅडम यंत्रासमोर बसल्या होत्या. सिंकपाशी मामा चंचुपात्रं धूत होते. मामा म्हणजे तिथले तंत्रज्ञ. मॅडम इथे रुजू झाल्या त्या दिवसापासून त्यांच्या हाताखाली. काही महिन्यांपूर्वी त्यांची बायको गेली आणि आठवड्याभरात ते पुन्हा याच सिंकपाशी उभे होते. फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली बाईंनीच दिलेली वीस लेखांची यादी लावलेली होती. शेवटच्या ओळीखाली पेनाने रेघ मारली होती.

"हे टिपण पाहिलंत?" बाईंनी विचारलं.

"पाहिलं की. त्या दिवशी मी घरी जाऊन नाचायचंच बाकी ठेवलं होतं."

"लेखक ओळखीचा?"

"नाही. पण माणूस कामाचा आहे. आकडे अस्सल आहेत, बाई. तेल आधी सुस्त असतं, मग एकदम बिघडतं. बसल्या जागी आकडे रचणाऱ्याला तो वळण घेण्याचा आठवडा साधत नाही."

"तुम्ही रीडिंग कसं घेता?"

"या यंत्रावर. तीन दशांशांपर्यंत, येईल तो आकडा. पूर्वी त्या ब्युरेटवर घ्यायचो." मॅडमनी कोपऱ्यातल्या उभ्या काचेच्या नळीकडे बोट केलं. "डोळ्याने वाचायचं. दोन रेघांच्या मधे आलं तर अर्धं धरायचं. म्हणजे शेवटी शून्य, नाहीतर पाच. आता ती नुसती ठेवायची म्हणून ठेवलीय."

बाईंनी नळीवरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली नाही.

मग त्यांनी साखरवाल्या सरांचा आरोप सांगितला. मॅडम यंत्राकडून त्यांच्याकडे वळल्या.

"मी लिहिलं, असं म्हणतात?"

"म्हणतात."

"आणि तुम्ही?"

"मी अजून मोजतेय," बाई म्हणाल्या. मागे मामांनी नळ बंद केला होता.

मॅडमचा एक जुना विद्यार्थी आता दुसऱ्या शहरात नोकरीला होता. मॅडमसाठी जीव टाकणारा. बाईंनी त्याला फोन लावला.

"हे टिपण तू लिहिलंस का रे?"

"मी? बाई, मला खोटं नाव कशाला लागतं? मला तिथून निघून पाच वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी मॅडमच्या त्याच लेखाचा संदर्भ मी माझ्या नावाने दिलाय की. तुम्हाला सापडला असेलच."

"सापडला," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. चपलेत खडा गेल्यासारखं त्यांना काहीतरी टोचत राहिलं. काय ते कळेना.

दुपारी त्या कार्यालयात गेल्या आणि हजेरीपट उघडला. टिपणातल्या तारखांवरून नवव्या आठवड्याचा सोमवार काढला. साखरवाले सर हजर. मॅडम हजर, त्यांच्या प्रयोगशाळेतली मुलं हजर. मामांच्या नावापुढे आठवडाभर रजा होती, आणि शेऱ्यात कारकुनाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'पत्नीचे निधन.'

बाई बाकावर बसल्या. त्या सोमवारी त्या स्वतः मामांच्या घरी गेल्या होत्या. मामा दाराशी बसले होते आणि आल्यागेल्याला पाणी विचारत होते. बाईंना भरून आलं. हे आपल्याला सापडायला नको होतं, असं त्यांना वाटलं.

वर जाण्याआधी त्यांनी जुनी फाइल पुन्हा एकदा उघडली. वगळलेल्या संदर्भांवर त्यांनीच मारलेल्या लाल रेघा पाहिल्या. त्यातल्या एका रेघेवर बोट ठेवून त्या बराच वेळ बसून राहिल्या.

सव्वादोन वाजता संचालकांच्या खोलीत मॅडम होत्या, साखरवाले सर होते, आणि बाईंच्या सांगण्यावरून बोलावलेले मामा दाराला टेकून उभे होते.

"टिपण मॅडमनी लिहिलेलं नाही," बाईंनी सुरुवात केली. "ज्याने लिहिलं त्याने बारा आठवडे खरंच काम केलंय. यंत्रावर नाही, हाताने. आकड्यांच्या शेवटी शून्य नाहीतर पाच आहे. ती ब्युरेट वापरात नाही म्हणतात, पण तिच्यावर धूळ नाही. कोणत्या लेखाला एक संदर्भ कमी आहे हे त्याला ठाऊक होतं, कारण यादी फ्रिजवर होती. मॅडमची वाक्यं त्याला पाठ होती. हे सगळं प्रयोगशाळेतल्या कुणालाही जमलं असतं. पण नवव्या आठवड्यात रीडिंग घ्यायला तो आला नाही. त्या सोमवारी प्रयोगशाळेतला एकच माणूस रजेवर होता."

कुणी मागे वळून पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

"मीच लिहिलं," मामा म्हणाले. "भाचीने टाइप करून पाठवलं. तिला यातलं काही माहीत नाही, तिला धरू नका. वाक्यं मॅडमची आहेत, कारण मला तेवढीच येतात."

"मामा, खोटं नाव कशाला?" मॅडम म्हणाल्या. "मला एकदा विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता. आणि माझ्या नावाने मोजलं कुठे असतं? बाईंचा नियमच आहे, घरच्यांचं धरायचं नाही." मामा मॅडमकडे वळले. "सगळ्या लेखांच्या शेवटी एका ओळीत माझे आभार असतात. तंत्रज्ञाचं नाव लेखक म्हणून घालत नाहीत, हे तुम्ही पहिल्याच लेखाच्या वेळी रडत येऊन सांगितलं होतं मला. माझी तक्रार नाही. पण लेखांत मी कुठेच नाही, आणि मोजायच्या वेळी मात्र मी घरचा. मला वाटलं, एकाने अडलंय, तर तो एक आपण भरावा. त्या विसांत माझीही बावीस वर्षं आहेत."

साखरवाल्या सरांनी मान खाली घातली. त्यांना माणूस पकडायचा होता, पण हा नव्हे.

"एक विचारू?" बाई म्हणाल्या. "नवव्या आठवड्यात आकडा का नाही टाकलात? आठव्या आणि दहाव्याच्या मधला कुठलाही चालला असता. कुणाला पत्ताही लागला नसता. मलाही नाही."

मामांना प्रश्नच कळला नाही असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

"न घेतलेलं रीडिंग कसं लिहायचं, बाई?"

बाईंना ठाऊक होतं की आता आपली पाळी आहे. एकोणतीस वर्षांत त्यांच्यावर ही वेळ आली नव्हती.

"अजून एक गुन्हेगार राहिलाय," त्या म्हणाल्या आणि फाइल संचालकांपुढे सरकवली. "ही लाल रेघ पाहा. मॅडमच्या विद्यार्थ्याने दिलेला संदर्भ. कारणाच्या रकान्यात मी लिहिलंय, 'स्वतःच्या प्रयोगशाळेतील.' माझ्याकडची प्रयोगशाळेची यादी जुनी होती, तिच्यात त्याचं नाव होतं. पण तो लेख दोन वर्षांपूर्वीचा आहे, आणि तो इथून गेला पाच वर्षांपूर्वी. तो बाहेरचा माणूस आहे. तो संदर्भ धरायलाच हवा होता. काखेत कळसा होता आणि मी सगळ्यांना गावभर फिरवलं."

संचालकांनी तारीख वाचली. पुन्हा वाचली. "म्हणजे हे टिपण वगळलं तरी..."

"वीस. आठ महिन्यांपूर्वीही वीसच होते. मी एक कमी मोजला."

मामांनी दाराची चौकट धरली. "म्हणजे गरजच नव्हती?"

"नव्हती, मामा. चूक माझी आहे. तसं मी लेखी देणार आहे."

मामा हसले की काय, असं वाटलं. "ती आजारी असताना मी सोमवारी घरी थांबायचो नाही," ते म्हणाले. "म्हणायची, आज तरी राहा. मी म्हणायचो, रीडिंग चुकेल."

मॅडम उठल्या आणि त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

संचालकांनी घसा साफ केला. समितीपुढे वीसचा आकडा जाईल, असं ते म्हणाले. टिपण मागे घ्यावं लागेल, नियतकालिकाला तसं कळवावं लागेल. आणि मामांना उद्यापासून कामावर येता येणार नाही. खोट्या नावाला संस्थेत माफी नाही, आपल्याही हातात काही नाही.

"मग मलाही ती जागा नको," मॅडम म्हणाल्या.

"घ्या मॅडम," मामा म्हणाले. "नाहीतर माझं दोन्हीकडून वाया जाईल." त्यांनी खिशातून प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली काढली आणि संचालकांना न देता मॅडमच्या हातात ठेवली. "ब्युरेट धुऊन ठेवलीय. मुलांना सांगा, तोटी घट्ट फिरवू नका, ती तुटायला आलीय."

बाई खाली आल्या. उतरताना पायऱ्या मोजायच्या राहिल्या.

समिती बसायला वीस मिनिटं होती आणि सुधारलेली यादी द्यायची होती. त्यांनी विद्यार्थ्याच्या संदर्भावरची लाल रेघ खोडली. मग टिपणाच्या ओळीवर आल्या आणि पट्टी ठेवून तिच्यावर रेघ मारली. रेघ मारली की कारण लिहावं लागतं. लेखक अस्तित्वात नाही, हे कारण नियमाला धरून होतं आणि संचालकांनी तेच लिहा म्हणून सांगितलं होतं.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि शाईचं पेन घेतलं. लेखकाच्या रकान्यातलं बनावट नाव खोडून तिथे मामांचं नाव, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट, स्वच्छ अक्षरात लिहिलं. पुढे वगळण्याच्या कारणात लिहिलं, 'स्वतःच्या प्रयोगशाळेतील.'

या वेळी ते बरोबर होतं. त्यांनी तारीख दोनदा तपासली.