चादरीचं दुसरं टोक

हॉस्पिटलच्या वॉर्डात सगळे त्या सिस्टरला 'हसरी' म्हणत. नाव पडलं तेव्हा ती खरोखरच हसायची. हल्ली नुसतं नाव उरलं होतं. तिची आठ वर्षांची लेक परवा सरळ म्हणाली, "आई, तू घरी येतेस ना, तेव्हा पण तू आलेली नसतेस." या नोकरीपायी पोरगी आपल्याला दुरावणार, या धास्तीने हसरीची झोप उडाली.

त्या वॉर्डात एक रीत होती. ड्यूटी संपली की सिस्टरांनी दोघी-दोघींनी कपड्यांच्या खोलीत जाऊन धुऊन आलेल्या चादरींच्या घड्या घालायच्या. हात उंच करून चादर ताणली की समोरचीचं तोंड दिसत नाही. तेवढ्यात मनात साचलेलं ओकून टाकायचं. समोरचीने शहाणपण शिकवायचं नाही, टोक धरून ऐकायचं. कितीतरी जणी त्या आडोशाला रडून मोकळ्या झाल्या होत्या. पण मग कुणी नोकरी सोडली, कुणी अंथरूण धरलं, आणि उरलेल्यांना एकमेकींकडे बघायलाही सवड मिळेना. हसरी एकटीच घड्या घालू लागली.

एका दुपारी खिडकीजवळच्या आजोबांनी तिचा हात धरून प्राण सोडला. ती तशीच कपड्यांच्या खोलीत आली, चादर उचलून झटकली आणि दुसरं टोक कुणीतरी धरलं.

"ताई?" तिने विचारलं. ताई म्हणजे वॉर्डातली थोरली सिस्टर. उत्तर आलं नाही. रीतच होती तशी. हसरी आजोबांविषयी बोलत सुटली. बोलून झालं आणि छातीवरचा धोंडा उतरला. घडी घालायला ती पुढे झाली, तर चादर सैल पडली. पलीकडे फक्त भिंत होती. दार तर हसरीच्या पाठीशी होतं. ताई चटकन सटकली असेल, अशी तिने मनाची समजूत घातली.

संध्याकाळी ती गुणगुणत घरी पोचली. लेकीला मोठ्या हौसेने म्हणाली, "मन जड झालं ना, की चादरीआड बोलायचं. बघ कसं हलकं वाटतं!"

"मग आपण दोघी करूया!"

"रविवारी हं," हसरीने कबूल केलं. रविवारी तिला ड्यूटीवर बोलावलं. त्याच्या पुढच्या रविवारीही.

मधल्या काळात ती रोज चादरीआड बोलत होती. एक दिवस आजोबांचा मुलगा तिला भेटायला आला. "तुमचाच हात धरून गेले माझे वडील," तो भरल्या डोळ्यांनी म्हणाला. हसरीला कुठले आजोबा, तेच कळेना. त्याने सांगितलेली खिडकीजवळची खाट ती पाहून आली. काही केल्या आठवेना.

तिने ताईला गाठलं. "ताई, माझ्याबरोबर चादरी धरायला तुम्हीच येता ना?"

"अगं, मला जेवायची फुरसत नाही. त्या खोलीत कित्येक दिवसांत पाऊल टाकलेलं नाही मी."

हसरीच्या ध्यानात आलं, चादरीआड जे बोलावं ते मनातून पुसलं जात होतं. लेकीविषयी आपण तिथे काही बोललो का? नाही. देवाशपथ नाही.

खात्री करायला ती खोलीत गेली आणि चादर झटकली. ती लगेच ताणली गेली. हसरीने ओठ घट्ट मिटून घेतले. पलीकडून टोक हलकेच ओढलं गेलं, 'बोल ना' म्हटल्यासारखं.

चादर टाकून ती पळत सुटली, ती थेट घरापर्यंत.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत लेक बोलत होती.

"...आणि या रविवारी पण आई आलीच नाही."

पलंगावरची चादर खोलीभर ताणलेली होती. अलीकडचं टोक लेकीच्या हातात होतं. पलीकडे कुणी नव्हतं.

"बाळा!"

चादर खाली पडली. लेक वळली. तिचा चेहरा कधी नव्हे इतका टवटवीत दिसत होता. तिने हसरीला नीट न्याहाळलं.

"घरात मोठं कुणी नाहीये," ती नम्रपणे म्हणाली. "तुम्ही नंतर याल का?"