कुलूपताईचं हसू

लारतेची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा माझा फोन शेंगदाण्याच्या सुपात शिजलेला होता.

भाचीचं बारसं होतं. सुपाच्या पातेल्याचा फोटो काढायला मी वाकले आणि फोनच फोटोत शिरला. मावशीने तो डावाने वर काढला, निथळला आणि ताटात वाढला. तिथून मी थेट सर्कल नावाच्या चौकातल्या बाजारात आले.

मोबाइल दुरुस्तीच्या रांगेतली सगळ्यात लहान टपरी त्याची. वर निळी छत्री, एका डोळ्याला भिंग, हातात कुणाच्या तरी फोनची आतडी. मी माझी पिशवी त्याच्यासमोर ठेवली. त्याने आधी पिशवीत पाहिलं, मग माझ्याकडे. एक डोळा साधा, दुसरा भिंगातून मोठ्ठा. त्या मोठ्या डोळ्याच्या पापण्या मोजता आल्या असत्या… मी मोजल्या नाहीत. निम्म्याच मोजल्या.

"हे काय आहे, मॅडम?"

"फोन."

"आणि हा भात?"

"तांदूळ आहेत. ओल शोषायला."

"सूप झालं, भात झाला. मासा तुम्ही आणणार की मी सोय करू?"

मला त्याच क्षणी छत्रीच्या दांड्यामागे लपावंसं वाटलं. कारण भिजलेला फोन तांदळात ठेवू नका, हे मी अख्ख्या अक्रा शहराला तीन वेळा बजावलं होतं. दर गुरुवारी सकाळी अकरा वाजता रेडिओवर एक बाई येते आणि पासवर्ड, अ‍ॅप, गेम, फुकटचं वायफाय यावर लोकांना फैलावर घेते. तिला लोक कुलूपताई म्हणतात. ती मी. रेडिओवर मी जरा खर्जात, थांबत थांबत बोलते. खरा आवाज पातळ आहे, त्यामुळे रस्त्यात कुणी ओळखत नाही. आतापर्यंत याचं वाईट वाटायचं. त्या दिवशी बरं वाटलं.

त्याने कागदी चिकटपट्टीचा तुकडा फाडला, माझ्या फोनच्या पाठीला लावला आणि पेन उघडलं. "पिन सांगा."

त्याच्या फळीवर वीस-बावीस फोन पालथे पडले होते आणि प्रत्येकाच्या पाठीवर चार आकडे ठळक लिहिलेले. सर्कलमध्ये हीच रीत. मी या रीतीवर अख्खे दोन कार्यक्रम केले होते.

"पिन मी कुणाला देत नाही."

"मग टच चालतो की नाही, हे मी कसं बघू? नवस बोलू?"

"मी इथेच बसते. तुम्ही म्हणाल तेव्हा उघडून देते."

"आत तेल गेलंय. चार दिवस लागतील."

"चार दिवस बसते."

त्याने भिंग वर सरकवलं. आता दोन्ही डोळे सारखे झाले, तरी माझी अडचण कमी झाली नाही. "नाव तरी सांगाल, की तेही कुलपात?"

"जेमिमा," मी म्हणाले. अनोळखी माणसाला खरं नाव सांगू नये, हे माझं तत्त्व. जेमिमा ही माझ्या मावशीची शेळी.

तर अशी मी शुक्रवारी एका प्लास्टिकच्या स्टुलावर जाऊन बसले. शेजारी फोनची कव्हरं विकणारी अफुआ होती. तिने मला आपादमस्तक पाहिलं आणि लारतेला म्हणाली, "फोन दुरुस्तीला आलाय की बाई?"

"दोन्हींत तेल गेलंय," लारते म्हणाला.

हसू अगदी ओठांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचा फोन वाजला आणि हसू तिथेच गोठलं.

कारण तो फोन हसत होता. लांबलचक, खिंकाळल्यासारखं, मधे श्वास घेऊन पुन्हा सुरू होणारं हसू. माझं. गेल्या महिन्यात कार्यक्रमात मी तशी हसले होते. ते कुणीतरी कापून रिंगटोन केलं आणि शहरभर पसरलं. आम्ही रेडिओ स्टेशनवर त्याचा केक कापला होता.

लारतेच्या हातातला ब्रश थांबला. "साहेब, तो तेवढा बंद करा. नाहीतर फोन दुसरीकडे न्या."

गिऱ्हाईक गेल्यावर मी विचारलं, "का हो?… एवढं काय त्यात?"

तो स्पिरिटने माझा फोन घासत राहिला. मग खाली मान घालूनच बोलला.

"ती रेडिओवाली कुलूपताई. तिला मीच फोन केला होता. माझी आई तेशीला राहते, शिवणकाम करते. तिला एकाने फोन केला, म्हणाला, मी तुमच्या चर्चचा नवा पाद्री, फोनवरून प्रार्थना करू. आई गुडघे टेकून बसली. तो म्हणाला, आता देवासमोर तुमचा गुप्त आकडा उच्चारा. तिने उच्चारला. वर आमेन म्हणाली. शिलाईचे फोनच्या खात्यात साठवलेले सगळे पैसे गेले. मी म्हटलं, कुलूपताईला विचारू, पुढे काय करायचं. तर ती हसली. मी लाइनवर असताना. हसतच राहिली. मग जाहिरात लागली."

मला आठवलं. मी म्हणाले होते, 'गुडघे टेकून? आणि आमेनसुद्धा?' एवढंच आठवत होतं. लाइनवर माणूस होता, हे आठवत नव्हतं.

"आईच्या हाताखालच्या पोरींच्या फोनवरही तेच हसू वाजतं. त्यांना ठाऊक नाही ते कुणावर आहे. आईला ठाऊक आहे. तेव्हापासून ती फोन उचलत नाही. म्हणून रोज चारला टपरी बंद करतो आणि ट्रोट्रोच्या व्हॅनने तेशीला जातो. ती बरी आहे का, एवढं बघायला." मग त्याने भिंग खाली ओढलं. "ती बाई भेटली ना कधी… जाऊ दे. तुम्हाला कशाला सांगतोय, जेमिमाबाई."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणाले, "फार वाईट बाई दिसते."

"अगदी," तो म्हणाला.

पुढचे दिवस कसे काढले ते मला विचारा. अडचण अशी की लारते विनोदी होता आणि मला हसण्याची बंदी होती. आवाज बदलता येतो, हसू बदलता येत नाही. शनिवारी एक गृहस्थ आले. फोन आपोआप बायकोला लागतो अशी त्यांची तक्रार होती. लारतेने गंभीरपणे विचारलं, "फोनचं सोडा, ती उचलते का?" मी गालाच्या आतली बाजू चावली. सोमवारी माझ्या फोनच्या चार्जिंगच्या भोकातून त्याने चिमट्याने अख्खा शेंगदाणा काढला, उजेडात धरला आणि म्हणाला, "मेमरी कार्ड सापडलं." मी उठून अफुआच्या टपरीमागे गेले आणि एका कव्हरात तोंड खुपसून उभी राहिले.

"या बाईला काहीतरी दुखतंय," अफुआने त्याला सांगितलं.

त्याला ते आव्हान वाटलं असावं. "तुला हसवल्याशिवाय फोन परत देणार नाही," तो म्हणाला. तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"हसणं माझ्या तब्येतीला चालत नाही."

"मग काय चालतं?"

"अपडेट. लोक फोन अपडेट करत नाहीत, याचा मला मनापासून त्रास होतो."

"काय रोमँटिक आहेस गं."

"टॉर्चचं अ‍ॅप लोकांच्या मावशांचे नंबर मागतं आणि लोक देतात. टॉर्चला मावशी कशाला हवी, सांग."

"अंधारात एकटं वाटत असेल बिचाऱ्याला," तो म्हणाला, आणि माझ्या हाताला लागलेलं तेल त्याच्या फडक्याने पुसलं. सावकाश… एकेक बोट. जुन्या फोनवरचा त्याचा फुटबॉलचा गेम तेव्हा चालूच होता, आणि त्याच्याविरुद्ध एकामागून एक चार गोल झाले. त्याने बघितलं नाही.

रोज सकाळी मी ठरवायचे – आज सांगायचं. रोज त्याने माझ्यासाठी स्टूल पुसून ठेवलेलं असायचं. मग मी ठरवायचे, दुपारी सांगू. चार वाजले की तो तेशीला जायचा, का ते मला ठाऊक असायचं, आणि मी मान खाली घालून घरी जायचे.

मंगळवारी फोन चालू झाला. त्याने पडदा माझ्यापुढे धरला. "उघड. सगळं एकदा तपासतो, मग तू मोकळी."

मोकळी व्हायचं नव्हतं. काय झालं ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. मी पेन घेतलं आणि चिकटपट्टीवर स्वतःच्या हाताने चार आकडे लिहिले. आयुष्यात पहिल्यांदा.

त्याने आकडे वाचले, मग मला वाचलं. "तत्त्वाचं काय झालं?"

"तू तपास. मी केंके आणते दोघांना." आणि परत आल्यावर सांगते, असं मनात म्हणाले. यावेळी खरंच म्हणाले होते.

मक्याच्या आंबवलेल्या पिठाचा केंके, तळलेला मासा आणि भरपूर मिरची घेऊन मी वळले, तोच रांगेच्या टोकापासून मला ते ऐकू आलं.

स्पीकर तपासायचा तर दुरुस्तीवाले शेवटचं ऐकलेलं काहीतरी मोठ्या आवाजात लावतात. आणि माझ्या फोनवर शेवटचं ऐकलेलं म्हणजे मीच. मी रात्री झोपताना स्वतःचे कार्यक्रम ऐकते. आवडता भाग पुन्हा पुन्हा ऐकते. हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी अख्ख्या सर्कलला समजलं.

'गुडघे टेकून?' फोन विचारत होता. 'आणि आमेनसुद्धा?' मग हसू. आणि हसण्याच्या खाली, मी कधी लक्ष न दिलेला, एक बारीक आवाज… 'मॅडम? मॅडम, मी अजून लाइनवर आहे.'

मी पोचले तेव्हा त्याने आवाज बंद केला होता. फाइलीवर माझा फोटो आणि नाव होतंच.

"स्पीकर ठीक आहे," लारते म्हणाला. त्याने पाठीवरची चिकटपट्टी सोलून काढली, तिची बारीक गोळी केली आणि फोन माझ्या हातात दिला. "नाव सेलासी?"

"हो."

"जेमिमा कोण?"

"मावशीची शेळी."

यावर हसायला हवं होतं. कुणीच हसलं नाही, अफुआसुद्धा.

"लारते, मी रोज सांगणार होते…"

"मला कशाला सांगतेस. फोन उचलायचं आईने सोडलंय, मी नाही." त्याने भिंग खाली ओढलं आणि दुसरा फोन उघडला. केंकेची पुडी फळीवर ठेवून मी निघाले. ती त्याने खाल्ली की नाही, हे विचारायचं तोंड उरलं नव्हतं.

बुधवारी सकाळी मी तेशीला गेले आणि विचारत विचारत लारतेच्या आईचं घर गाठलं. कोर्कोर मावशी अंगणात मशीनवर बसल्या होत्या, भोवती कापड कातरणाऱ्या पाच पोरी. मी नाव सांगितलं, काम सांगितलं आणि म्हणाले, "मावशी, रेडिओवर तुमच्यावर हसले ती मी."

पोरींच्या कात्र्या थांबल्या. मशीन थांबलं नाही.

"कशावरून?" मावशी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मागे एकजण म्हणाला मी पाद्री. मी मान्य केलं. आता तू म्हणतेस मी कुलूपताई. आधी ओळख पटव. हस बघू."

"मावशी…"

"हस."

मी प्रयत्न केला. त्या अंगणात, पाच पोरींसमोर. जो आवाज निघाला तो जेमिमाचा होता.

"ही ती नाही," मावशींनी पोरींना सांगितलं. "ती आनंदात होती."

मग मला रडू आलं. हसण्यापेक्षा तेही बरं नव्हतं. मावशींनी कापडाची चिंधी पुढे केली. मी डोळे पुसेपर्यंत त्यांनी एक बाही पुरी केली.

"माझे पैसे गेले ते पाद्र्याने नेले," त्या म्हणाल्या. "तुझ्यापायी काय गेलं, सांगू? बत्तीस वर्षं पोरी मला विचारून कापड कापतात. महिना झाला, मी कात्री धरली की मला वाटतं, यांना कळलं तर. पोरींनो, ते ऐकलंत ना, ते हसू माझ्यावरचं होतं." पोरींच्या माना खाली गेल्या. एकीने हळूच फोन उलटा ठेवला. "माझं सांगून झालं. तुझं तू उद्या सांग. जिथे हसलीस तिथे."

गुरुवारी अकराला मी माइकसमोर बसले. खर्जातला आवाज काढायला गेले, निघाला नाही. पातळ आवाजातच सगळं सांगितलं: सूप, तांदूळ, शेळीचं नाव, आणि एका माणसाला पिन दिला तो त्याच्या पापण्या बघून. लोकांना फसवायला पाद्री लागतो, मला पापण्या पुरल्या. ज्या बाईवर मी हसले ती प्रार्थना करत होती. मी तर केंके आणायला गेले होते. तिचं नाव मी घेत नाही. ते हसू ज्यांच्या फोनवर आहे त्यांनी कृपा करून काढा.

काचेपलीकडे निर्मात्याने कपाळाला हात लावला, आणि मग एक लाइन जोडली.

"मी तेशीहून बोलतेय," मावशींचा आवाज आला. "माझा स्वतःचा फोन आहे. मीच लावलाय. चांगलं बोललीस. लांबलं जरा." मग खुडबुड. "हा घे रे. नाही, तू बोल. काल आलास तेव्हा केंके कसा झाला होता ते मला तीन वेळा सांगितलंस, आता तिला सांग."

"हॅलो," लारते म्हणाला. "आई म्हणते, रविवारी जेवायला ये."

मी माइक जवळ ओढला. "आणि… तू काय म्हणतोस?"

"माझा राग गेलेला नाही."

"बरं."

"पण फोन ठेवत नाहीये मी," तो म्हणाला.

रेडिओवर शांतता तीन सेकंदांच्या वर गेली की निर्माता खुर्चीतून उठतो. आमची अकरा सेकंद चालली. मधे कुठेतरी, त्याच्या बाजूला, शिलाईचं मशीन पुन्हा सुरू झालं.