दार लावून वाचावे

उद्यापासून या वाचनालयाच्या खुर्चीवर तुम्ही बसणार, म्हणून सांगतो. दिवा असू द्या. घाई नाही.

इथली एक पद्धत तुम्हाला पाळावी लागेल. दारापाशी ती लाकडी पेटी आहे ना, तिच्यात वाचक चिठ्ठ्या टाकतात. कोणतं पुस्तक वाचावं, का वाचावं, आणि खाली स्वतःचा सभासद क्रमांक. महिन्याच्या पहिल्या सोमवारी पेटी उघडायची आणि एकही चिठ्ठी न गाळता फलकावर लावायची. वाचक म्हणजे भारी प्रकरण असतं. एकाने शब्दकोशाबद्दल लिहिलं होतं, 'शेवट पटला नाही.' मी तीही चिठ्ठी लावली.

मागे एका महिन्यात मी विषय दिला होता, खऱ्या गुन्ह्यांवरची पुस्तकं. आपल्याकडे तातांवरची तीन आहेत. तात म्हणजे तो पंथवाला. भक्त त्याला त्याच नावाने हाक मारायचे. त्याने अडतीस माणसांना एका खोलीत कोंडून आग लावली आणि स्वतः नाहीसा झाला. माझी धाकटी बहीण त्या अडतीस जणांत होती.

नवरा गेल्यावर ती खचली होती, तेव्हा तातांची एक पुस्तिका मीच तिच्या हातात ठेवली. "वाच, बरं वाटेल," म्हणालो. वीस वर्षं त्या एका शिफारशीसाठी मी स्वतःला शिव्या दिल्या. पण त्या माणसाचा राग त्याहून मोठा होता. तो हाती लागला तर काय करायचं, हे मी रोज आंघोळ करताना ठरवायचो. तुम्हाला खोटं कशाला सांगू?

महिनाभर एक म्हातारा येत होता. इस्त्रीचे कपडे, गोड आवाज, हातात पेन्सिल. तीच तीन पुस्तकं आलटून पालटून न्यायचा.

"यांच्यावर आणखी काही आहे का हो?" एकदा त्याने विचारलं.

"तिन्ही दोनदोनदा वाचून झाली की तुमची."

"सगळ्यांनी अर्धवट लिहिलंय." तो हसला. "माणूस कुणाला कळलाच नाही."

त्या पुस्तकांत एक पत्रकाराचं होतं. ते परत आलं तेव्हा माझं डोकंच फिरलं, कारण समासात पेन्सिलीने खरडलेलं होतं. 'दाराला बाहेरून कुलूप होतं' या वाक्यापुढे लिहिलं होतं, 'कुलूप नव्हे. टेबल.' पुस्तकावर लिहिणाऱ्यांचा मला मनस्वी तिटकारा आहे. उद्या आजोबांची चांगली हजेरी घेऊ, असं ठरवून मी खोडरबर शोधत बसलो. त्या शब्दांचा अर्थ तेव्हा माझ्या डोक्यात शिरलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार. दुपारी मी पेटी उघडली. आठदहा चिठ्ठ्या नेहमीच्याच निघाल्या. मग एक निघाली, कडेने तपकिरी झालेली. अक्षर ओळखायला मला खाली पाहावं लागलं नाही, तरी पाहिलं. क्रमांक बहिणीचा होता. तिचं नाव रजिस्टरातून काढायला माझा हात कधी धजावला नव्हता.

'पत्रकाराचं पुस्तक वाचण्यासारखं आहे, पण पान एकशे बारा चुकलंय. कुलूप नव्हतं. बाहेर टेबल सरकवल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. पुढच्या वाचकाने हे पुस्तक मागच्या खोलीत बसून, दार लावून वाचावे.'

समासातले ते पेन्सिलीचे शब्द आता माझ्या डोक्यात शिरले. टेबलाची गोष्ट दोनच जागांवरून कळण्यासारखी होती. एक दाराच्या आत, आणि एक बाहेर.

पोलिसांना लावायला फोन उचलला. तेवढ्यात तो समोर आलाच. तोच गोड आवाज...

"ते पत्रकाराचं... मिळेल का?"

मी फोन खाली ठेवला. शिफारस आली की वाचकाला द्यायची, हीच इथली रीत.

"मिळेल की. मागच्या खोलीत बसा आजोबा. शांत आहे. दार ओढून घ्या."

ते दार बाहेरच्या बाजूला उघडतं आणि कडी फक्त आतून आहे, हे तुम्ही पाहिलंत. तो आत गेला, दार ओढलं. मी समोर याच खुर्चीवर बसून पुस्तकांवर शिक्के मारू लागलो. जरा वेळाने करपल्याचा वास आला. धूर मात्र कुठेच नव्हता. मग आतून दार ढकललं गेलं. एकदा. पुन्हा.

"अहो... दार अडकलंय..."

शिक्का मारला.

"अहो, ऐकताय ना... इथे कोण कोण आहे?..."

आणखी एक मारला. मला आनंद होत होता, अगदी पोटातून. नंतर खोकला ऐकू आला. नंतर तोही थांबला.

साडेचारला मी दार ओढलं. ते अलगद उघडलं. तो उंबऱ्याशी पडला होता. खोलीची खिडकी सताड उघडी, वारा येत होता, आणि डॉक्टर म्हणाले, धुराने जीव गुदमरला. बोटांचे ठसे जुन्या फायलीशी जुळले. तोच होता. पोलिसांनी मला चहा पाजून घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच आलो आणि दार बाहेरून नीट पाहिलं. खांद्याच्या उंचीपासून खालपर्यंत काजळीचे पंजे उमटले होते, लहान, मोठे, एकमेकांवर. बाहेरून रेटून धरावं तसे. मी फडकं ओलं करून एकेक पुसत गेलो. सगळे निघाले. एकच राहिला, मधोमध, सगळ्यांत गडद. जोर लावायला त्याच्यावर हात टेकला, तर बोटाला बोट बसलं, तळव्याला तळवा. माझी ही करंगळी लहानपणापासून वाकडी आहे, बघा. तीही बसली.

मी खुर्चीवरून उठलो नव्हतो हो. शिक्के मारत होतो. त्या दुपारचे एकशे चौदा शिक्के आहेत, मोजून घ्या.